राहुटी कोठें ठोकावी?

प्रवास म्हटला कीं पूर्वीं आपल्याकडे पहिला प्रश्न असे तो गाडीचा, आणि दुसरा उतरण्याचा. शिदोरी बांधून झाली, तरी ‘रात्रीं उतरणार कोठें?’ असें घरांतील वडील माणूस विचारल्यावांचून राहत नसे. धर्मशाळा, देवळाची ओवरी किंवा दूरच्या एखाद्या आप्ताचें बिऱ्हाड, यांपैकीं कांहींतरी उत्तर मिळे व मंडळी निश्चिंत होत. आतां खोली घरबसल्या मोबाईलवर ठरतां येते, त्यामुळें हा प्रश्न कायमचा सुटला असें आपणांस वाटूं लागलें होतें. परंतु अलीकडे तरुण पिढीस उघड्या रानांत राहुट्या ठोकून राहण्याची हौस उत्पन्न झाली आहे, आणि त्या हौसेबरोबर तो जुना प्रश्नहि परत आला आहे. 2024 सालीं जूनच्या आरंभीं, वैशाख सरतां सरतां, आमच्या कुटुंबास याचा जो अनुभव आला तो वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सांगत आहें. त्यांत माझ्या शहाणपणापेक्षां माझ्या चुकीचा भाग अधिक आहे, हें प्रथमच कबूल केलेलें बरें.

आम्ही लहानथोर अकरा माणसें. माझे वडील बंधु व वहिनी, मी व आमची मंडळी, मुलगा, पुतण्या, दोघी सुना, आणि तीन नातवंडें. नातवंडांना काजवे पाहावयाचे होते. पुण्याच्या रस्त्यावरील दिव्यांखालीं वाढलेल्या या मुलांनीं काजवा कधीं पाहिलाच नव्हता. ‘खद्योत’ आणि ‘ज्योतिरिंगण’ हे अमरकोशांतील दोन शब्द मीं त्यांना पाठ करून घेतले होते; पण शब्द पाठ झाला म्हणजे वस्तु दिसली असें होत नाहीं. शेवटीं धाकटीनें, “आजोबा, खद्योत खरा असतो का?” असें विचारलें, तेव्हां मात्र निघावयाचें ठरलें.

ठिकाण ठरलें भंडारदऱ्याच्या परिसराचें. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर आहे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच असें 1646 मीटरांचें कळसूबाईचें शिखर येथलेंच. रतनगडाच्या डोंगरांत प्रवरा उगम पावते, आणि पायथ्याच्या रतनवाडींत अमृतेश्वराचें प्राचीन कोरीव देवालय आहे. 1910 ते 1926 या काळांत प्रवरेवर जें धरण बांधलें गेलें त्यास विल्सन यांचें व मागील जलाशयास आर्थर यांचें नांव आहे. लोक मात्र दोहोंसहि भंडारदराच म्हणतात. सभोंवारचें रान 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून राखलेलें आहे. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची, आणि पीक भाताचें.

प्रश्न होता आमच्या बंधूंचा. त्यांचें वय शहात्तर आणि कंबर दुखरी. जमिनीवर निजणें त्यांना शक्य नाहीं. तेव्हां मुलानें एक फिरतें घर भाड्यानें घेतलें. यास हल्लीं कॅराव्हॅन म्हणतात, आणि 2021 सालीं महाराष्ट्र शासनानें अशा वाहनांनीं होणाऱ्या पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरणहि केलेलें आहे. लांबट मोटार, तींत चार जणांच्या निजण्याची सोय, शेगडी, पाण्याची टाकी व लहानसें शौचकूप. आम्ही चौघे वृद्ध त्यांत, आणि तरुण मंडळी मुलांसह तीन राहुट्यांत, अशी वांटणी झाली. नारायणगांव, संगमनेर, अकोले, राजूर असा मार्ग आक्रमीत आम्ही दुपारीं तीनच्या सुमारास शेंडीस पोंचलों.

जलाशयाच्या कांठीं तयार तळ पुष्कळ आहेत. एका रांगेंत ठोकलेल्या रंगीत राहुट्या, जेवण, स्नानगृह, सर्व कांहीं तयार. मी त्यांची निंदा करीत नाहीं. ज्यांस पहिल्यानेंच बाहेर राहावयाचें आहे, ज्यांच्याबरोबर तान्हें मूल आहे, त्यांना असली जागा सोयीची. शिवाय तेथें गांवच्या तरुणांस कामहि मिळतें. पण आम्हीं जो तळ पाहिला तेथें झाडाझाडांवर विजेच्या दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या होत्या आणि भर दुपारीं ध्वनिवर्धक चालू होता. मोठी सून म्हणाली, “बाबा, येथें राहून मुलांना काजवे कसे दिसणार?” तिचें म्हणणें सर्वांस पटलें. आम्ही उत्तर तीरानें पुढें निघालों.

येथपर्यंत आमचें बरोबर होतें. यापुढें माझी चूक.

दोनतीन वळणें गेल्यावर एका वाडीच्या अलीकडे रस्त्यालगत फार सुंदर जागा दिसली. लांबरुंद, हातानें सारवल्यासारखी सपाट. एका अंगाला जलाशयाचें पाणी चमकत आहे, दुसऱ्या अंगाला डोंगर. चालकास मोटार वळवावयास जागा प्रशस्त. मी खालीं उतरलों आणि चहूंकडे नजर फिरवून निर्णय देऊन टाकला. त्या वेळीं मनांत संस्कृत अध्ययनाचा थोडा गर्वहि होता, हें लपवीत नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणाच्या आरंभींच सैन्याचा तळ कसा द्यावा तें सांगितलें आहे. वास्तुविद्या जाणणाऱ्यांनीं प्रशस्त म्हटलेली भूमि निवडावी, आणि नायक, वर्धकी म्हणजे सुतार, व मौहूर्तिक यांनीं तेथें वर्तुळाकार, लांबट किंवा चौकोनी तळ आंखावा; त्यास चार द्वारें, सहा मार्ग व नऊ विभाग असावेत. मीं मुलांस हंसत सांगितलें, “नायक मी, वर्धकी हे आपले चालक, आणि मौहूर्तिक म्हणजे तुझ्या बापाचा मोबाईल, तो पावसाची चिन्हें थोडींच आहेत म्हणतो.” सर्व हंसलीं. पुतण्यानें पहिली राहुटी उलगडली.

इतक्यांत डोक्यावर पालापाचोळ्याचा भारा घेतलेली एक वृद्ध बाई बांधावरून आली. भारा खालीं ठेवून तिनें आमच्याकडे, मग मोटारीकडे, मग पुन्हां आमच्याकडे पाहिलें.

“दादा, हितं कशापायी उतरताय?”

“बाई, जागा चांगली सपाट आहे म्हणून,” मी म्हणालों.

“आवो, सपाट हाय म्हंजी आमीच केलीया ना ती! पानी धराया.”

एवढें बोलून तिनें खालच्या कोपऱ्याकडे बोट केलें. तेथें एक काळसर चौकोन होता. मीं तो पाहिला होता. कोणी शेकोटी केली असावी असें समजून त्यावरूनच मोटार नेण्यास चालकास खुणावलेंहि होतें. तो तिचा राब होता.

ज्यांना भातशेतीची माहिती नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहितों. या डोंगराळ मुलुखांत आपोआप सपाट असलेली जमीन जवळजवळ नाहींच. उतारावर बांध घालून, माती अडवून, पिढ्यान्‌पिढ्या खपून लोकांनीं पायऱ्यांसारखीं खाचरें तयार केलीं आहेत. पाऊस पडला कीं पाणी त्यांत तुंबावें, हाच त्यांचा उद्देश. कारण भात पाण्यांत उभें राहतें. रोपें तयार करण्यासाठीं एका तुकड्यावर शेण, डहाळ्या, पालापाचोळा पसरून उन्हाळ्यांत भाजतात, त्यास राब म्हणतात. त्यानें तण मरतें व राखेचें खत मिळतें. पावसाच्या तोंडाशीं त्यांत बीं पेरतात, आणि पुढें तीं रोपें उपटून सर्व खाचरांत लावतात. म्हणजे तो काळा चौकोन हा त्या घरच्या वर्षाच्या अन्नाचा आरंभ होता. बाईनें चार दिवसांपूर्वींच त्यांत बीं टाकलें होतें. आमच्या कित्येक मण वजनाच्या मोटारीचीं चाकें त्यावरून गेलीं असतीं, तर खालची माती घट्ट होऊन बीं तेथेंच मेलें असतें. आणि आम्ही दुसऱ्या दिवशीं ‘काय सुंदर जागा होती!’ असें म्हणत पुण्यास परतलों असतों.

मला फार ओशाळल्यासारखें झालें. पस्तीस वर्षें मुलांना ‘विचारून घ्या’ म्हणून शिकवणारा मी, पण स्वतः विचारलें नव्हतें. रस्त्यालगत कुंपण नाहीं, म्हणून जमीन कोणाचीच नाहीं, असें गृहीत धरून चाललों होतों. कौटिल्याच्या त्या यादींत शेतकऱ्याचें नांव नाहीं, हें त्या क्षणीं प्रथमच माझ्या ध्यानांत आलें. स्वारीवर निघालेल्या सैन्यास शेतकऱ्याला विचारण्याचें कारण पडत नसेल. आम्हांस तें होतें.

मीं हात जोडून तिची क्षमा मागितली. ती हंसली. “न्हाई ठावं तर काय करनार? वर या. घराच्या मागं माळ हाय, थितं लावा तंबू. आभाळ काय बरं न्हाई.” मी मास्तर आहें असें कळल्यावर पुढें तिनें मला गुर्जी म्हणावयास आरंभ केला, आणि तो मला त्या दिवशीं जरा जड गेला.

तो माळ पाहून मुलांचा थोडा हिरमोड झाला. ना पाण्याची शोभा, ना हिरवळ. मुरमाड, किंचित्‌ उतरता, मधून मधून खडक डोकावणारा. राहुटीच्या खुंट्या मुरमांत शिरेनात. तेव्हां बाईच्या मुलानें मोठमोठे धोंडे आणून दोर त्यांना बांधून दिले. एका अंगास तिच्या घराची भिंत व दुसऱ्या अंगास करवंदीची जाळी, असा वाऱ्याला आडोसा होता. माळाच्या टोंकास एकटाच उंच सादडा उभा होता. त्याच्या सांवलींत राहुटी ठोकण्यास पुतण्या निघाला, तर त्या मुलानें त्यासहि मनाई केली. एकट्या उंच झाडावर वीज पडते, आणि वाळलेली फांदी तर नुसत्या वाऱ्यानेंहि तुटून पडते. मोटार अंगणाशेजारच्या टणक जागेवर उभी केली, चाकांना उटी लावली, आणि भाड्याचें काय तें त्याच वेळीं उघड बोलून ठरविलें.

पाण्याची गोष्टहि सांगितली पाहिजे. आमच्या मोटारीची टाकी निम्मी झाली होती. मुलानें सहज विहिरीची चौकशी केली. सून बाईबरोबर विहिरीवर जाऊन आली आणि म्हणाली, “बाबा, तळाला हंडाभर पाणी आहे, आणि बायका नंबर लावून बसल्या आहेत.” ज्या डोंगरांवर आषाढ-श्रावणांत पाऊस कोसळतो, त्याच डोंगरांतील गांवांना वैशाखांत डोक्यावरून पाणी आणावें लागतें, आणि धरणाचें पाणी समोर दिसत असतें. आमच्या टाकींत त्या विहिरीचें पाणी भरणें म्हणजे उघड चोरी झाली असती. मुलगा चालकास घेऊन शेंडीस परत गेला व विकतचें पाणी आणलें. त्या रात्रीं आम्हीं हात धुण्याचें पाणीहि मोजून वापरलें. मोटारीच्या शौचकूपाची टाकी ओढ्यांत किंवा रानांत रिकामी करावयाची नाहीं, शहरांत परतल्यावर योग्य ठिकाणींच करावयाची, हेंहि चालकास बजावून ठेवलें.

अंधार पडतांच बाई स्वतः येऊन म्हणाली, “गुर्जी, गाडीचा दिवा मालवा.” मालवला. प्रथम कांहींच दिसेना. मग कुंपणाच्या जाळींत एक ठिणगी, मग दुसरी. हळूहळू ओढ्याकडील हिरड्याचें झाड आंतून उजळल्यासारखें झालें. क्षणांत सारें झाड पेटे, क्षणांत विझे, जणूं तें श्वासोच्छ्वास करीत आहे. बंधूंनीं मोटारीच्या खिडकींतून पाहिलें आणि फक्त “अहाहा!” म्हणाले. धाकटी माझें बोट धरून उभी होती; ती बराच वेळ बोललीच नाहीं.

हा प्रकाश जोडीदारास बोलावण्याची खूण आहे. काजव्याच्या पोटांतील एका द्रव्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन तो निघतो, आणि त्यांत उष्णता जवळजवळ नसते. अळीरूपानें हे जीव ओलसर मातींत व पाचोळ्यांत राहून गोगलगाई वगैरे खाऊन वाढतात. प्रौढ काजव्याचें आयुष्य मात्र थोड्याच दिवसांचें. त्या थोड्या दिवसांत आपण मोठे दिवे लावले तर त्यांच्या खुणा एकमेकांस दिसत नाहींत. कांहीं जातींत मादीस पंख नसतात, ती गवतांतच असते. तेव्हां झाडाजवळ जाण्याच्या हौसेनें आपण गवत तुडविलें, तर पुढील वर्षाचे काजवेच तुडविले जातात. म्हणून आम्ही अंगणांतूनच पाहिलें.

रात्रीं साडेबाराच्या सुमारास वळीव आला. आधीं वारा, मग कडकडाट, आणि मग धारा नव्हत, एकदम लोटच. कापडाच्या राहुटींत विजेपासून कांहींहि संरक्षण नसतें. धातूच्या बंद मोटारींत तें बऱ्याच अंशीं असतें. सुनांनीं मुलांना उचलून आमच्या मोटारींत आणलें, आणि उरलेली मंडळी बाईच्या पडवींत गेली. एका राहुटीची काठी मोडली. बाकीच्या दोन धोंड्यांच्या बळावर उभ्या राहिल्या. मोटारीच्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता कीं एकमेकांचें बोलणें ऐकूं येईना. बंधूंनीं माझ्या कानाशीं येऊन विचारलें, “आपण खालीं राहिलों असतों तर?” मीं उत्तर दिलें नाहीं.

उत्तर सकाळीं मिळालें. माळावरचें पाणी केव्हांच वाहून गेलें होतें. मुरूम नुसता धुतलेला दिसत होता. खालीं गेलों तर कालच्या त्या ‘सुंदर जागेंत’ वरच्या खाचरांचें पाणी उतरून घोट्याएवढें तळें झालें होतें. चालकानें कुतूहलानें एक पाय टाकला, तो पोटरीपर्यंत चिखलांत रुतला. आमची मोटार तेथें असती तर चाकें आंसापर्यंत गेलीं असतीं, आणि मध्यरात्रीं, विजा चमकत असतां, शहात्तर वर्षांच्या माणसाला त्या चिखलांतून आम्हीं कसें बाहेर काढलें असतें, हा विचार आजहि मला सुखानें झोंपूं देत नाहीं.

बांधावर बाई उभी होती. आम्हांस वाटलें, ‘बघा, सांगितलं नव्हतं?’ असें कांहीं ती म्हणेल. तिचें आमच्याकडे लक्षच नव्हतें. ती राबाच्या कडेनें फिरत, एके ठिकाणीं खचलेला बांध पायानें दाबीत होती. आम्हांस पाहून तिचा चेहरा फुलला. “गुर्जी, पानी धरलं बगा!” जें पाणी आमचा घात करतें, त्याच पाण्याची ती वर्षभर वाट पाहत होती.

कालिदासाच्या रघुवंशांत अज राजपुत्र विदर्भास स्वयंवरासाठीं निघाला असतां नर्मदेच्या तीरीं तळ देतो, आणि पाण्यांतून एक रानटी हत्ती वर येऊन साऱ्या तळाची दाणादाण करतो. तें मीं अनेक वर्षें शिकविलें, पण पाण्याच्या कांठचा मुक्काम म्हणजे काय, हें त्या सकाळीं समजलें. आमच्याकडे हत्ती आला नाहीं, इतकेंच.

तेव्हां राहुटी कोठें ठोकावी? ज्यांना हौस आहे त्यांनीं जरूर जावें. मुलांना आभाळ व अंधार दाखविणें हें शिक्षणच आहे. पण जागेवर चारच्या आंत पोंचावें, म्हणजे ती उजेडांत पाहतां येते. सपाट जमीन दिसली तर ती सपाट कां आहे, हें आधीं विचारावें; कोणी पाण्यासाठीं केली असेल, कोणी पिकासाठीं, किंवा तो आटलेल्या जलाशयाचा गाळहि असेल. जरा उतरती, टणक, आडोशाची जागा दिसावयास साधी असली तरी रात्रीं तीच बरी. मोठी मोटार असेल तर मार्गावरील वांकलेल्या फांद्या, खालीं लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि वळण्यापुरती जागा आधीं पायीं चालून पाहावी. अभयारण्यांत नाक्यावर नियम विचारून घ्यावेत व ते पाळावेत. पाणी शहरांतून न्यावें, घाण शहरांत परत आणावी. आणि या सर्वांच्या आधीं, त्या भूमीवर वर्षभर राहणारें जें कोणी माणूस असेल त्यास विचारावें. नकाशा जमीन दाखवितो. ती जमीन पावसांत कशी वागते हें तेंच माणूस सांगूं शकतें.

निघतांना आमच्या मंडळींनीं बाईच्या नातीस खाऊ दिला. बाईनें एका फडक्यांत बांधून पसाभर तांदूळ दिले. गेल्या वर्षींच्या त्याच खाचराचे. ते घरीं आल्यावर सणासाठीं राखून ठेवावे असें सुनांचें मत पडलें. पण बंधू म्हणाले, “नको, आजच करा.” त्या रात्रीं त्या तांदळांचा आटवल केला. वांटणीस प्रत्येकीं दोन घांस आले. धाकटीनें पान चाटून पुसून मला विचारलें, “आजोबा, हा भात आपण तंबू लावणार होतों ना, तेथला?”

“हो,” मी म्हणालों, “तेथलाच.”